राष्ट्राध्यक्षपदानंतरची सतरा वर्षे

अमेरिकेचा राजकीय इतिहास वाचताना राष्ट्राध्यक्षांच्या नामावळीपाशीच थांबण्याची सवय आपल्याला जडली आहे, आणि दर चार वर्षांनी साऱ्या जगाचे डोळे ज्या एका निवडणुकीकडे लागतात तिचा विचार केला म्हणजे अशी सवय जडावी यात नवलही वाटत नाही. परंतु तिच्यामुळे लोकसेवेचे मोजमाप हुद्द्याच्या उंचीवरून करण्याची एक सदोष दृष्टी आपल्या मनात नकळत मुरते. जो सर्वोच्च पदावर पोचला त्याची सेवा सर्वश्रेष्ठ आणि ज्या दिवशी ते पद सुटले त्या दिवशी ती सेवा समाप्त, असे आपण गृहीत धरून चालतो. या समजुतीला अमेरिकेच्याच इतिहासात एक असा ठसठशीत अपवाद आहे, की त्याचा नीट विचार करणारास आपली मोजपट्टीच बदलावी लागेल. तो अपवाद म्हणजे जॉन क्विन्सी ॲडम्स हे अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष. १८२५ ते १८२९ ही त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाची मुदत जवळजवळ निष्फळ गेली. आणि ते पद गमावल्यावर, एका मतदारसंघाचा साधा प्रतिनिधी म्हणून काढलेल्या सतरा वर्षांत त्यांच्या हातून जे कार्य झाले, ते माझ्या मते त्या शतकातील कित्येक राष्ट्राध्यक्षांच्या एकत्रित कार्याहून मोलाचे आहे. विशेष हे, की ते कार्य नवे कायदे करण्याचे नव्हते, मुलूख जिंकण्याचे नव्हते; लोकांचे अर्ज सभागृहाच्या मेजापर्यंत पोचविण्याचे होते.

राज्यकारभाराची पूर्वतयारी हाच जर यशाचा निकष असता, तर ॲडम्स यांच्याइतका यशस्वी राष्ट्राध्यक्ष दुसरा झाला नसता. १७६७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या या मुलाने वयाच्या आठव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आपल्या आईबरोबर एका टेकडीवरून स्वातंत्र्ययुद्धातील बंकर हिलच्या लढाईचा धूर पाहिला होता; पुढे दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आपल्या वडिलांबरोबर त्याने बालपणीच युरोपचा प्रवास केला, आणि चौदाव्या वर्षी तर तो रशियास गेलेल्या अमेरिकी वकिलाचा चिटणीस व दुभाषी म्हणून सेंट पीटर्सबर्गला रुजू झाला. पुढे हॉलंड, प्रशिया, रशिया व इंग्लंड या चार दरबारी त्यांनी अमेरिकेची वकिली केली, १८१४ च्या गेंट येथील तहाच्या वाटाघाटींत प्रमुख भाग घेतला, सिनेटमध्ये बसले, आणि परराष्ट्रमंत्री या नात्याने १८१९ साली स्पेनशी तह करून फ्लोरिडा मिळविले व १८२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्राध्यक्ष मन्रो यांच्या सुप्रसिद्ध धोरणाची घडण केली. विद्या, व्यासंग, निष्कलंक वर्तन आणि पहाटे उठून कामाला बसण्याची कठोर शिस्त हे सारे त्यांच्या ठायी होते. लोकांना आपलेसे करण्याची हातोटी मात्र नव्हती.

राष्ट्राध्यक्षपद त्यांना मिळाले तेही अशुभ मुहूर्तावर. १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना निर्वाचकांची ९९ आणि ॲडम्स यांना ८४ मते पडली; कोणालाच बहुमत न मिळाल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, तेथे गृहाचे सभापती हेन्री क्ले यांच्या पाठिंब्याने ॲडम्स विजयी झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत क्ले यांची परराष्ट्रमंत्रिपदी नेमणूक झाली. सौदा झाला होता किंवा नाही याविषयी पुराव्याने काहीच सिद्ध होत नाही. पण सौद्याचा आरोप करण्यास विरोधकांना एवढे निमित्त पुरेसे होते, आणि त्या आरोपाने ॲडम्स यांची चारही वर्षे पोखरून टाकली. रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, आकाशाचे निरीक्षण करणारी वेधशाळा अशी दूरदृष्टीची योजना त्यांनी आपल्या पहिल्याच वार्षिक निवेदनात मांडली, तेव्हा काँग्रेसने तिची हेटाळणी केली. सरकारी नोकरांना केवळ विरोधी पक्षाचे म्हणून बडतर्फ करावयाचे नाही, हा त्यांचा दंडक इतका कडक होता, की टपालखात्याचे मुख्याधिकारी जॉन मॅक्लीन हे जॅक्सन यांच्या बाजूने खटपट करीत आहेत असे जिवलग मित्रांनी वारंवार सांगूनही, त्यांचे खात्याचे काम चोख आहे एवढ्याच कारणास्तव त्यांनी मॅक्लीन यांना हात लावला नाही. १८२८ साली जॅक्सन यांनी १७८ विरुद्ध ८३ मतांनी त्यांचा पराभव केला, आणि निवडून येताच याच मॅक्लीन यांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसविले. ॲडम्स यांचा दंडक व्यवहारात त्यांना महाग पडला. तथापि, सरकारी हुद्दे ही विजयी पक्षाची लूट होय ही जी रीत जॅक्सन यांच्या कारकिर्दीत अमेरिकेत रूढ झाली आणि जिला आळा घालण्यासाठी १८८३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तिच्याशी तुलना करता त्यांच्या या पराभवाला जी प्रतिष्ठा प्राप्त होते ती नाकारता येणार नाही.

पराभवानंतरचा काळ अत्यंत दुःखाचा होता. १८२९ च्या वसंतात त्यांचा थोरला मुलगा जहाजातून पडून मरण पावला. त्याने आत्मघात केला असावा, असाच बहुतेकांचा समज झाला. एकसष्ट वर्षांचा हा माणूस खचलेल्या मनाने मॅसॅच्युसेट्समधील घरी परतला, आणि पुस्तके, बागकाम व वडिलांचे चरित्रलेखन यांत उरलेले आयुष्य घालवावे असा त्याचा विचार होता. अशा वेळी, १८३० साली, प्लिमथ मतदारसंघाच्या वतीने प्रतिनिधिगृहासाठी उभे राहण्याची विनंती त्यांना करण्यात आली. पत्नी लुईझा यांना ती पसंत नव्हती, आणि मुलगा चार्ल्स फ्रान्सिस याला तर तीत घराण्याची अप्रतिष्ठा वाटली. राष्ट्राध्यक्षाने खालच्या पदावर बसणे हा त्या पदाचाच अवमान नव्हे काय, अशी शंका काढणारास ॲडम्स यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता, की लोकांनी निवडून दिल्यास गावच्या पंचाचे काम करण्यानेही माजी राष्ट्राध्यक्षाला कमीपणा येत नाही. मते मागावयास आपण फिरणार नाही, एवढीच त्यांची अट होती. प्रचंड बहुमताने ते निवडून आले, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडीनेही आपल्याला याच्या निम्मा आनंद झाला नव्हता, अशी कबुली त्यांनी आपल्या रोजनिशीत दिली.

१८३१ च्या डिसेंबरात सभागृहात बसल्यावर पहिल्याच काही दिवसांत त्यांनी पेनसिल्व्हेनियातील नागरिकांचे पंधरा अर्ज सादर केले. राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यात, म्हणजे जेथे काँग्रेसचा थेट अंमल चालतो त्या भूमीत, गुलामगिरी बंद करावी अशी त्यांत मागणी होती. अर्ज सादर करतानाच ॲडम्स यांनी सभागृहाला सांगून टाकले, की या मागणीला माझा स्वतःचा पाठिंबा नाही. ही गोष्ट आज आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण त्यांच्या पुढील साऱ्या लढ्याचे बीज तीतच आहे. प्रतिनिधी हा मते जुळणाऱ्यांचाच प्रतिनिधी असतो काय? ज्याने आपल्याला मत दिले नाही, किंवा मत देण्याचा अधिकारच ज्याला नाही, त्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकावयाचे? १७९१ साली राज्यघटनेला जोडलेल्या पहिल्याच दुरुस्तीत सरकारकडे दाद मागण्याचा लोकांचा हक्क नमूद आहे, आणि तेथे मागणी योग्य असण्याची अट घातलेली नाही. अर्ज मान्य करणे न करणे हा सभागृहाचा अधिकार आहे. तो ऐकून घेणे हे मात्र त्याचे कर्तव्य आहे. ही मर्यादारेषा ॲडम्स यांनी जितक्या स्वच्छपणे ओळखली तितकी त्या पिढीतील दुसऱ्या कोणीही ओळखली नव्हती असे मला वाटते.

या रेषेवर लवकरच आघात झाला. १८३३ साली अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीची स्थापना झाल्यावर उत्तरेकडील गावोगावी सह्यांची मोहीम सुरू झाली. चर्चच्या सभागृहांतून, शाळांतून, घरोघर फिरून गोळा केलेल्या या सह्यांत स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. मताचा अधिकार नसलेल्या त्या स्त्रियांना राज्यव्यवहाराच्या दाराशी पोचण्याचा अर्ज हाच एक मार्ग मोकळा होता, आणि तो त्यांनी अशा निष्ठेने चोखाळला, की सह्यांची संख्या लाखांवर गेली. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या प्रतिनिधींना हे सहन होणे शक्य नव्हते. राज्यघटनेतील तरतुदीनुसार प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांपैकी तीन-पंचमांश जमेस धरले जात, म्हणजे ज्यांना माणूस म्हणून कोणताही हक्क नव्हता त्यांच्याच संख्येच्या बळावर त्यांच्या धन्यांना सभागृहात जादा जागा मिळत. आणि या जादा जागांच्या आधारानेच त्या लोकांविषयी चकार शब्द निघू न देण्याची व्यवस्था करण्यात आली. १८३६ च्या २६ मे रोजी ११७ विरुद्ध ६८ मतांनी असा ठराव झाला, की गुलामगिरीशी कोणत्याही प्रकारे संबंध असलेला अर्ज न छापता, कोणत्याही समितीकडे न पाठविता, मेजावर पडू द्यावा आणि त्यावर पुढे काहीही कारवाई करू नये. इतिहासात हा ठराव मुस्कटदाबीचा नियम म्हणून कुप्रसिद्ध आहे. मतदानासाठी आपले नाव पुकारले जाताच ॲडम्स यांनी उठून, हा ठराव राज्यघटनेचा, या सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा उघड भंग आहे असे ठणकावले. "बसा, बसा" असा चहूकडून गलका होत असतानाही त्यांनी आपले वाक्य पुरे केले.

त्यानंतरची साडेआठ वर्षे हा म्हातारा एकाच नियमाशी झुंजत राहिला. प्रारंभी हा ठराव दर अधिवेशनात नव्याने मंजूर करावा लागे. अधिवेशन सुरू होणे आणि ठराव मंजूर होणे यांमध्ये जो थोडा अवधी मिळे तेवढ्यात ते अर्जांचे गठ्ठे उघडीत. ठराव झाल्यावर, अमुक अर्ज त्याच्या कक्षेत येतो किंवा नाही अशी पृच्छा सभापतींना करून, त्या पृच्छेच्या ओघात अर्जाचा आशय सांगून टाकीत. १८३७ च्या फेब्रुवारीत एके दिवशी त्यांनी व्हर्जिनियातील नऊ स्त्रियांचा अर्ज पुढे केला, तेव्हा त्या प्रांताच्या एका प्रतिनिधीने उठून त्या स्त्रियांच्या चारित्र्याविषयी अनुदार उद्गार काढले. त्यावर ॲडम्स यांचा प्रतिप्रश्न असा, की ज्याचे आचरण निर्मळ नाही अशा दीनदुबळ्याचा दाद मागण्याचा हक्क हिरावून घेणारा कायदा तुमच्या दप्तरात कोठे आहे? त्याच दिवशी त्यांनी सभापती जेम्स पोल्क यांना विचारले, की बावीस गुलामांच्या सहीचा एक अर्ज माझ्याकडे आला आहे, तो मी मांडू शकतो काय? सभागृहात एकच हलकल्लोळ उडाला. गुलामाला अर्ज करण्याचा हक्क आहे असे नुसते सुचविणे हीच सभागृहाची बेअदबी, म्हणून त्यांच्या निषेधाचे ठराव पुढे आले, हकालपट्टीची भाषा झाली. आणि मग उलगडा झाला, की त्या अर्जात गुलामगिरी बंद करू नये असेच म्हटले होते. अर्जात काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, अर्ज करणारा मनुष्य आहे एवढे पुरे, ही त्यांची भूमिका त्या गदारोळात देशभरातील वृत्तपत्रांतून घरोघर पोचली. निषेधाचे ठराव अर्थातच बारगळले.

पुढल्याच वर्षी टेक्सासच्या विलीनीकरणाविरुद्ध हजारो स्त्रियांनी अर्ज पाठविले, तेव्हा घर सोडून राजकारणात डोके घालणाऱ्या स्त्रिया आपल्या लिंगाची आणि देशाची अप्रतिष्ठा करीत आहेत, असे मेरीलँडच्या एका सभासदाने म्हटले. ॲडम्स यांनी १८३८ च्या जून-जुलैत तीन आठवडे, सकाळच्या नियत वेळेत, रोज थोडे थोडे बोलून त्याचा समाचार घेतला. प्राचीन इतिहासातील स्त्रियांचे, बायबलातील स्त्रियांचे, स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धातील स्त्रियांचे दाखले देऊन, सार्वजनिक हिताची चिंता वाहणे हा स्त्रीचा दोष नसून सद्गुण आहे असे त्यांनी प्रतिपादिले, आणि स्त्रियांना मताचा अधिकार नाही हे तरी न्याय्य आहे काय, असा प्रश्नही जाता जाता विचारून ठेवला. अमेरिकेत स्त्रियांना राष्ट्रव्यापी मताधिकार मिळावयास त्यानंतर ब्याऐंशी वर्षे जावी लागली.

१८४० साली सभागृहाने ११४ विरुद्ध १०८ मतांनी हा नियम कायमचा आणि अधिक कडक केला. आता असे अर्ज मुळात स्वीकारावयाचेच नाहीत असे ठरले. पण मतांतील अंतर पाहा. १८३६ मध्ये ते ४९ होते, आता सहावर आले होते. उत्तरेकडील ज्या नागरिकाला गुलामांविषयी काडीचीही आस्था नव्हती, त्यालाही कळू लागले होते, की दक्षिणेतील माणसाला बेडीत ठेवण्याकरिता उत्तरेतील माणसाच्या तोंडाला कुलूप घालावे लागते. ॲडम्स यांच्या साऱ्या मुत्सद्देगिरीचे सार या एका संबंधात आहे. गुलामगिरी नष्ट करा असे सांगून बहुमत मिळण्याजोगी परिस्थिती तेव्हा नव्हती. पण तुमचा स्वतःचा हक्क शाबूत आहे काय एवढे प्रत्येकाला विचारता येत होते, आणि तो प्रश्न त्यांनी अखंड विचारला.

१८४२ च्या जानेवारीत या संघर्षाने कळस गाठला. जॉर्जियातून आलेला एक अर्ज, ज्यात ॲडम्स यांनाच परराष्ट्रव्यवहार समितीच्या अध्यक्षपदावरून दूर करण्याची मागणी होती, तो त्यांनी स्वतःच सभागृहापुढे ठेवला आणि आपल्या बचावासाठी बोलण्याची मुभा मागितली. पाठोपाठ मॅसॅच्युसेट्समधील हेव्हरिल गावच्या ४६ नागरिकांचा, संघराज्य शांततेने विसर्जित करावे असे म्हणणारा अर्जही त्यांनी मांडला. ही मागणी का मान्य करू नये याची कारणे देण्यासाठी तो समितीकडे पाठवावा, अशी त्यांची स्वतःचीच सूचना होती. तरीही हा राजद्रोहाला फूस लावण्याचा प्रकार आहे असे म्हणून केंटकीचे टॉमस मार्शल यांनी त्यांच्या निषेधाचा ठराव आणला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माजी राष्ट्राध्यक्षाला आरोपीप्रमाणे उभे करण्यात आले. ॲडम्स यांनी सर्वप्रथम चिटणिसाला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद वाचावयास सांगितले. सरकार बदलण्याचा प्रजेचा हक्क त्यातच ग्रथित आहे, आणि ज्या मजकुरावर हे राष्ट्र उभे आहे तोच राजद्रोह ठरत असेल तर मीही राजद्रोही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग जवळजवळ दोन आठवडे हा खटला चालला. खुनाच्या धमक्यांची पत्रे घरी येत होती, हात कापत होते, आवाज फाटत होता. आणि तरीही एकेका आरोपकर्त्याच्या पूर्ववृत्ताची झडती घेत त्यांनी साऱ्यांना असे हैराण केले, की बचावासाठी मला आणखी एक आठवडा लागेल असे ते म्हणताच, ठराव गुंडाळण्याची घाई विरोधकांनाच झाली. ७ फेब्रुवारी रोजी १०६ विरुद्ध ९३ मतांनी तो बाजूला ठेवण्यात आला, आणि ॲडम्स लगेच पुढील अर्ज मांडू लागले. अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी त्यांच्याच प्रस्तावावरून १०८ विरुद्ध ८० मतांनी मुस्कटदाबीचा नियम रद्द झाला. त्या रात्री रोजनिशीत त्यांनी परमेश्वराचे आभार मानले.

याच काळातील आमिस्ताद जहाजाचा खटला आज अधिक परिचित आहे, म्हणून त्याचा उल्लेख थोडक्यात करतो. १८३९ साली क्यूबाच्या किनाऱ्याजवळ स्पॅनिश धन्यांविरुद्ध उठाव करून जहाज ताब्यात घेतलेल्या आफ्रिकी बंदिवानांना अमेरिकेच्या किनाऱ्यावर पकडण्यात आले, आणि स्पेनची मेहेरनजर राखण्यासाठी त्यांना परत करावे अशी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या सरकारची खटपट होती. खालच्या न्यायालयाचा निकाल लागताच, अपिलाला अवसर न देता त्यांना क्यूबाकडे रवाना करता यावे, म्हणून आरमाराचे एक जहाजही बंदरात सज्ज ठेवण्यात आले होते. १८४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात ॲडम्स दोन दिवस मिळून आठ तासांहून अधिक बोलले, आणि न्यायदानात ढवळाढवळ करू पाहणाऱ्या सरकारच्या कागदपत्रांची त्यांनी अक्षरशः चिरफाड केली. ९ मार्च रोजी न्यायमूर्ती स्टोरी यांनी त्या लोकांच्या मुक्ततेचा निकाल दिला. जो स्वतः एकदा त्याच शासनयंत्रणेचा सर्वाधिकारी होता, त्यानेच तिच्या गैरवापराविरुद्ध देशोधडीला लागलेल्या परक्या माणसांचे वकीलपत्र घ्यावे, याहून लोकसेवेचा उंच आदर्श माझ्या माहितीत नाही.

या माणसाचे दोष मात्र झाकून ठेवण्याचे कारण नाही. गुलामगिरीविषयीची तीव्र घृणा त्यांनी १८२० सालीच रोजनिशीत लिहून ठेवली होती, पण ती उघड बोलून दाखविण्याचे धैर्य, मंत्रिपद आणि राष्ट्राध्यक्षपद हाती असताना, त्यांनी दाखविले नाही. किंबहुना इंग्रजांनी १८१२ च्या युद्धात पळवून नेलेल्या गुलामांची नुकसानभरपाई त्यांच्या धन्यांना मिळावी म्हणून परराष्ट्रमंत्री या नात्याने त्यांनी नेटाने पाठपुरावा केला होता. जॉर्जियातील क्रीक लोकांच्या जमिनी गेल्या त्या त्यांच्या कारकिर्दीत. त्या अन्यायाची जाणीव त्यांना होती, पण प्रांताच्या हट्टापुढे ते नमले. कडवे गुलामगिरीविरोधक त्यांना अखेरपर्यंत आपला मानीत नव्हते, आणि तेही त्यांना अविचारी समजत. सत्ता असताना मौन आणि सत्ता गेल्यावर वाणी, हा आरोप त्यांच्यावर करता येईल आणि तो खोटा नाही. तरी माझा निर्णय त्यांच्या बाजूने आहे. कारण सत्ता गेल्यावर मिळणारी मोकळीक बहुतेक माणसे स्वतःच्या कीर्तीसाठी वापरतात, आणि ॲडम्स यांनी ती ज्यांच्या सह्यांना किंमत नव्हती त्यांच्यासाठी वापरली.

त्यांच्यानंतर प्रतिनिधिगृहात बसून काम केलेला माजी राष्ट्राध्यक्ष एकही झाला नाही. अँड्र्यू जॉन्सन १८७५ साली अल्पकाळ सिनेटमध्ये बसले, टॅफ्ट यांनी १९२१ पासून सरन्यायाधीशपद भूषविले, आणि आपल्या काळात जिमी कार्टर यांनी नारूसारख्या रोगाच्या निर्मूलनासाठी व परदेशांतील निवडणुकांच्या निरीक्षणासाठी पदोत्तर आयुष्य वेचले. हे सारे गौरवास्पदच आहे. परंतु आजचा रिवाज निराळा आहे. निवृत्त राष्ट्राध्यक्षाच्या नावाचे भव्य ग्रंथालय उभे राहते, आठवणींच्या पुस्तकांचे मोठमोठ्या रकमांचे करार होतात, भाषणांचे भारी मानधन ठरते. आणि पुन्हा मतदारांपुढे उभे राहून, नवख्या सभासदांच्या शेजारी बसून, अधिवेशनाच्या कंटाळवाण्या कामकाजात हात घालणे हे त्या मोठेपणाला न शोभणारे मानले जाते. यात त्या व्यक्तींपेक्षा पदाविषयीच्या आपल्या कल्पनेचा दोष अधिक आहे. अनुभवाचा जो साठा चाळीस-पन्नास वर्षांत राष्ट्राच्या खर्चाने जमला, तो प्रजेच्या रोजच्या गाऱ्हाण्यांपासून दूर, सन्मानाच्या कोंदणात बंद करून ठेवणे हे मला राष्ट्राचे नुकसान वाटते.

ॲडम्स यांनी मात्र हा साठा अखेरपर्यंत सभागृहाच्या कामी लावला. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने ज्ञानाच्या प्रसारासाठी अमेरिकेला ठेवलेली सुमारे पाच लाख डॉलरांची देणगी इतर कामांत उधळली जाऊ नये म्हणून ॲडम्स यांनी जी दहा वर्षे राखण केली, तिचे फळ म्हणजे १८४६ साली स्थापन झालेली स्मिथसोनियन संस्था. त्याच वर्षी मेक्सिकोविरुद्धच्या युद्धाला प्रतिनिधिगृहात विरोध करणाऱ्या अवघ्या चौदा सभासदांत ते होते. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी, त्याच युद्धातील सेनाधिकाऱ्यांच्या गौरवाच्या ठरावावर मोठ्याने नकार नोंदविल्यावर थोड्याच वेळात ते आपल्या आसनावर कोसळले आणि दोन दिवसांनी सभापतींच्या दालनात वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या समितीत इलिनॉयचा एक नवा सभासद होता, अब्राहम लिंकन. युद्धप्रसंगी राष्ट्राच्या संरक्षणाच्या अधिकारातून सरकार गुलामांना मुक्त करू शकते, हा मुद्दा ॲडम्स यांनी १८३६ मध्येच सभागृहात मांडून ठेवला होता. यादवी युद्ध पेटल्यावर गुलामगिरीविरोधकांनी त्यांची ती भाषणे पुन्हा बाहेर काढली, आणि १ जानेवारी १८६३ च्या लिंकन यांच्या मुक्ततेच्या फर्मानाला आधार होता तो याच युद्धाधिकाराचा.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा एक धागा जुळलेला आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेली 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केली, ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेले लोक होते. त्यांत केवळ लिंकन किंवा त्यांचे सेनापती येत नाहीत. १८३० च्या दशकात घरोघर फिरून सह्या जमविणाऱ्या शिवणकामवाल्या, शिक्षिका, शेतकरी आणि चर्चचे सेवकही येतात, ज्यांचे कागद वर्षानुवर्षे न वाचता ठेवले गेले. त्या अर्जांना सभागृहात वाचा देणारा मनुष्य ॲडम्स होता. पुढे १८८२ साली फुले यांनीही हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाविषयीचे आपले निवेदन दाखल केले. सत्ताधाऱ्यांनी ऐकलेच पाहिजे, हा त्यामागचा आग्रह त्याच जातीचा होता.

ॲडम्स यांची रोजनिशी ५१ खंडांची आणि चौदा हजारांहून अधिक पानांची आहे. वडिलांनी खालचे पद पत्करू नये म्हणून १८३० मध्ये ज्याने हरकत घेतली होती, तोच चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स पुढे गुलामगिरीविरोधी पक्षाचा पुढारी झाला, यादवी युद्धाच्या काळात लंडन येथील वकिलातीत राहून इंग्लंडने दक्षिणेला मान्यता देऊ नये यासाठी त्याने रात्रंदिवस शर्थ केली, आणि मायदेशी परतल्यावर १८७४ ते १८७७ या वर्षांत वडिलांच्या रोजनिशीची निवडक बारा पुस्तके त्याने स्वतः संपादून छापली.